मागे जागा आहे

सोमवार, १५ ऑक्टोबर १९५६. अंधेरी.

पोहोचलो. आणि गाडी एकदाही ढकलावी न लागता पोहोचलो, हे आधी लिहून ठेवतो, कारण कराडात पैजा लागल्या होत्या.

काल दसऱ्याला रेडिएटरला झेंडूची माळ घालून निघालो, पुण्यात मुक्काम केला, आणि आज दिवे लागायच्या आत दादाच्या दारात गाडी उभी. काल पुण्याआधीच्या घाटात मोठमोठ्या कंपन्यांचे ट्रक तोंडं उघडून वाफा सोडत उभे होते. माझी ऑस्टिन त्यांच्यासमोरून धापा न टाकता चढून गेली. ही गाडी मी भंगारातून उचलली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मराठी चौथी झालेल्या माणसाने डिक्शनरी शेजारी घेऊन तिचं इंग्रजी पुस्तक वाचलं आणि नटन् नट स्वतः बसवला. पदवीवाल्या इंजिनियरांनी येऊन बघावं.

बेत असा. अंधेरीला दादा, बोरिवलीला बहीण पद्मा, घाटकोपरला धाकटा शरू. या भेटींच्या मधून जोगेश्वरीची लेणी, कान्हेरी, आरे कॉलनी, पवईचा तलाव. आश्विनाची हवा, पावसाने धूळ बसलेली, डोंगर अजून हिरवे. फिरायला याहून चांगले दिवस नाहीत. आणि सगळ्यात शेवटी मुलुंड. खरं म्हणजे मुलुंड आज वाटेतच लागलं, पण मुद्दाम थांबलो नाही. मुलुंडला माझी लेक उत्तरा आहे. तिला सातवा लागला आहे. तिला बाळंतपणाला घरी न्यायचं, त्यासाठी तर ही गाडी. तिची आई दुसऱ्या खेपेला बैलगाडीत गेली, दवाखान्याचा दिवा समोर दिसत असताना. ते पुन्हा होणे नाही. मागची सीट मी स्वतः बांधली आहे: स्प्रिंगांवर काथ्या, काथ्यावर कापूस, वरून हिरवं रेक्झिन. रस्त्यातला खड्डा पोटातल्या जिवाला कळता कामा नये.

दादा, म्हणजे आमचा थोरला विद्याधर, गाडीभोवती फिरून फिरून थकेना. तोंडात तंबाखूचं पान, त्यामुळे हनुवटी वर करून बोलतो. श्यामा, काय झकास आहे रे, म्हणाला. मग टपावर बोटांची पेरं दोनदा आपटली आणि बसच्या कंडक्टरसारखा ओरडला, ‘डबल बेल! चला, चला, मागे जागा आहे!’ माणिकवहिनी पदराआड हसल्या. निवृत्त झाल्यापासून दिवसभर बसस्टॉपवर जाऊन बसतात आणि हेच शिकून येतात, म्हणाल्या. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, असं त्याने मलाही समजावून सांगितलं. जसं काही मला ठाऊक नव्हतं.

बुधवार, १७ ऑक्टोबर. अंधेरी.

आज जोगेश्वरीची लेणी पाहिली. तिथल्या एका गृहस्थाने मला लेणं ‘बांधलं’ कसं ते सांगायला सुरुवात केली. मी त्याला थांबवून सांगितलं, बांधलं नाही, कोरलं. वरून खाली, आणि चुकायला वाव न ठेवता. खांबांना ओल आली आहे. आत उभं राहिलं की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटतो. गंमत वाटली.

दादाला बरोबर यायचं होतं. नेलं नाही. कारण उघड आहे: दर दोन फर्लांगांवर तो काचेबाहेर पिंक टाकणार, आणि त्यातली निम्मी माझ्या दारावर. आधी पान सोड, मग बस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, अरे, पान सोडीन तेव्हा मीच नसेन. पण फार रागावला नाही. संध्याकाळी अंगणात बसून त्याने उलट मोठा बेत आखला. आपण सगळ्यांना या गाडीतून गोळा करू, पद्माला, शरूला, उत्तरेलाही, आणि कान्हेरीला डबा खायला जाऊ. उत्तरेचं नाव घेताना त्याचा आवाज नेहमी बदलतो. आई गेल्यावर ती दहा वर्षांची होईतो याच घरात वाढली. यांना पोर नाही.

बघू, म्हणालो. आधी प्लग साफ करतो.

गुरुवार, १८ ऑक्टोबर.

दादा गेला.

पहाटे अंगणात गाडीजवळ बसलेला सापडला. पाठ मागच्या डाव्या चाकाला टेकलेली, एक हात वर, दाराच्या मुठीवर. वहिनींना वाटलं, उघडायचा प्रयत्न करतोय. हात सोडवायला मला आणि शेजाऱ्याला बरंच जड गेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मूठ मी नंतर पुसली.

शनिवार, २७ ऑक्टोबर. अंधेरी.

आज दहावा. इतके दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय होतं?

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पिंड ठेवले. विधी शरूने केला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. माडांवर कावळे ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढत गेलं. मग जे अशा वेळी चालतं ते सुरू झालं: मेलेल्याची इच्छा राहिली म्हणून जो तो पिंडाला शब्द द्यायला लागला. शरू म्हणाला, दादा, वहिनींना मी अंतर देणार नाही. कावळा हलेना. पद्मा रडत म्हणाली, तुझ्या नावाने काशीला जाऊन येईन. हलेना. भटजी माझ्याकडे बघायला लागले. शरू हळूच म्हणाला, ‘भाऊ, तू बोल ना. त्याचा जीव कशात होता ते तुला माहीत आहे.’

वाळू तापली होती, वहिनींना घेरी येत होती. मला ते संपवायचं होतं. मी गिऱ्हाइकाला इंजिनाचा वायदा देतो त्याच आवाजात म्हणालो, ‘दादा, तुला गाडीतून नेतो. सगळ्यांकडे नेतो. सगळ्यांना मागे बसवून कान्हेरीला नेतो. झालं?’

वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. एक कावळा उतरला आणि सरळ पिंडाला शिवला. मागोमाग सगळे.

पद्माने माझे पाय धरले. भटजी म्हणाले, आता दिलेला शब्द पाळा हो. मी म्हणालो, कावळ्याला मराठी कळत नाही, भूक कळते. कुणी हसलं नाही.

बुधवार, ३१ ऑक्टोबर. बोरिवली.

तेरावा उरकून आज निघालो. निघताना गाडी पाहिली तर मागे डावीकडे बसलेली. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मी नेहमी चार बोटं जागा राखतो; डावीकडे तीनच. चाकावरच्या कमानीचा पोलादी पाटा मोडला असणार म्हणून खाली सरपटत गेलो. एकही पाटा मोडलेला नाही, तडा नाही, बुश शाबूत. हवा भरली. तीनच बोटं.

वहिनी दारात आल्या. मला वाटलं मला निरोप देतायत. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, मागच्या काचेवर होती. सावकाश जा, म्हणाल्या. पान खाऊन झोपू नका.

स्टार्टर दाबायच्या आधी टपावर काहीतरी वाजलं. दोनदा. फांदी असावी, असं लिहिणार होतो. पण अंगणात झाड नाही. पत्रा तापला की वाजतो, हे कुठल्याही लोहाराला माहीत असतं.

बोरिवलीला पोहोचल्यावर गाडी धुतली. मागच्या डाव्या दारावर बाहेरून तांबडा ओघळ. वाळलेला नव्हता. बसमधून कुणीतरी थुंकला असेल. काथाचा वास आत मात्र कसा गेला?

पद्मा आणि तिचे यजमान यांनी आग्रहाने ठेवून घेतलं. उद्या कान्हेरीला जाऊ या, असं पद्माच म्हणाली. दादाचा शब्द पुरा होईल, मी त्याच्या आवडीच्या पुरणपोळ्या करते. मी आढेवेढे घेतले नाहीत. लेणी मला बघायचीच होती.

गुरुवार, १ नोव्हेंबर.

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की गोष्टी ताब्यात राहतात.

यजमानांना कचेरी होती, म्हणून आम्ही दोघंच. मी पुढे, पद्मा मागे. डबा मांडीवर. उजवीकडे बसली होती, हे मी पाहिलं. जंगलाच्या रस्त्याला लागलो. ती लहानपणच्या गोष्टी काढत होती, मी हुं हुं करत होतो. मग लक्षात आलं की ती माझ्याशी बोलत नाही. मध्येच थांबते, ऐकते, मग हसते. ‘काहीतरीच काय रे तुझं,’ म्हणाली. मला ‘भाऊ’ म्हटल्याशिवाय ती वाक्य पुरं करत नाही. हे वाक्य मला नव्हतं.

आरशात बघितलं. ती एकटीच होती. पण डावीकडे कलून बसली होती. सीटला टेकून नव्हे. सीट आणि तिच्यामध्ये अंतर होतं, आणि डोकं कशावर तरी टेकलेलं.

पायथ्याशी गाडी थांबवली. पद्मा, उतर, म्हणालो.

चेहरा हसराच होता. डबा उघडा. दोन पोळ्या वाढलेल्या, एक तिच्या हातात, एक शेजारी. शेजारच्या पोळीचा तुकडा मोडलेला.

लेणी पाहिली नाहीत.

शुक्रवार, २ नोव्हेंबर. बोरिवली.

काल संध्याकाळीच तिला अग्नी दिला. पुन्हा हृदय. आमच्या घराण्यात आहे म्हणे. यजमान भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. आज लक्ष्मीपूजन, शेजारी दारात पणत्या लावताना आमच्याकडे बघून आवाज खाली करतात.

मी सकाळी गाडीपाशी गेलो. कुणी बसलेलं नाही, सामान नाही, टाकी अर्धी. डावीकडे दोन बोटं. उजवीकडे तीन.

बोटं माझीच आहेत. तीच चार, ज्यांनी मी तीस वर्षं इंजिनं जुळवली.

शरू रात्री आला होता. त्याला सांगायचा प्रयत्न केला. तो चिडला. म्हणाला, ‘भाऊ, तू? तू असलं बोलतोस? आयुष्यभर आम्हाला शहाणपण शिकवलंस ना!’ मग जवळ बसला. माझं डोकं ठिकाणावर नाही, मी एकट्याने गाडी चालवू नये, तो बरोबर येणार, घाटकोपरला त्याच्या घरी राहायचं, त्याची बायको नलिनी सगळं बघेल. त्याला बसने जायला सांगितलं. ऐकत नाही. धाकटा असला तरी हट्टी. माझ्याशेजारी पुढे बसेल, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मागे नाही. काही झालं तरी मागे नाही.

शनिवार, ३ नोव्हेंबर. घाटकोपर.

शरू गेला.

पुढेच बसला होता. गोरेगावहून आरे कॉलनीत शिरलो. गोठे, गवताचे उतार, दुधाच्या गाड्या, सगळं सकाळच्या उन्हात धुतल्यासारखं. मी बोलत राहिलो. गाई-म्हशींची संख्या, दुधाचा पुरवठा, जे वाचलं होतं ते सगळं. दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढेना. धापा न टाकता घाट चढलेली गाडी.

शरू म्हणाला, लघवीला थांबव. थांबवली. इंजीन चालू ठेवलं. तो परत आला, मागचं दार उघडलं, बसला. मी ओरडलो. तो म्हणाला, अरे, तूच तर म्हणालास मागे बस.

मी नाही म्हणालो.

‘मागे जागा आहे म्हणालास ना —’

आणि टपावर दोनदा.

रविवार, ४ नोव्हेंबर. सकाळ. घाटकोपर.

भाऊबीज आज. ओवाळायला बहीण नाही, ओवाळून घ्यायला भाऊ नाहीत. मी आहे.

नलिनी काही विचारत नाही. तिने फक्त एकदा विचारलं, ते शेवटी काय बोलले? मी सांगितलं, तुझं नाव घेतलं. खोटं.

गाडी दारात आहे. एक बोट. दोन्हीकडे.

रात्री बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. सगळ्यांकडे नेतो. सगळ्यांना मागे बसवून. मी, जो कागदाच्या जाडीइतकी फट मोजून इंजीन जुळवतो, त्याने त्या एका वाक्याला कुठे थांबा ठेवला नाही. दादाने अंगणात नावं घेतली होती. पद्मा, शरू, आणि —

तिला न्यायचं नाही. तिच्याकडे जायचंच नाही.

पण गावी परतायची वाट मुलुंडवरून. घोडबंदरवरून वळसा घातला तरी ठाणं, आणि ठाण्यापासून तिचं घर हाकेवर.

नलिनीचा भाऊ पहाटेच मुलुंडला गेला आहे, उत्तरेला कळवायला. मला न विचारता. ती निघाली असेल. बापाला भेटायला येणारच ती. इथे गाडी दारात.

आत्ता निघतो. मुलुंडकडे पाठ करून, ती पोहोचायच्या आत.

दुपार. पवई.

तलावाच्या काठी आहे. चढावर इंजीन थांबलं. बरं झालं. इथून पुढे न्यायची नाही.

बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर काढला आणि पाण्यात फेकला, जितक्या लांब जाईल तितका. त्याच्याशिवाय जगातलं कुठलंही असं इंजीन चालू होत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी स्वतः शिकलो आहे.

हँडब्रेक सोडला. तलावाकडे उतार आहे. ढकललं. रिकामी गाडी मी एका खांद्याने हलवतो. हलली नाही.

जाळून टाकायची, तर काडेपेटी नाही. मी ओढत नाही. आयुष्यभर त्याचा अभिमान —

समोरच्या खानावळीत मागायला गेलो, काडेपेटी मिळाली नाही, भात मिळाला. पिंड केले. हात जोडले. माझे हात, जोडले. म्हणालो, दादा, शब्द परत घेतो. मला ने, मी बसतो मागे, तिला सोड. कावळे आले. पिंडाकडे बघितलंही नाही. टपावर बसले. ओळीने.

मग मीच दार उघडून मागे बसायला गेलो. पाय आत ठेवता येईना. सीटवर कुणी दिसत नाही, पण पाय ठेवायला जागा नाही. गुडघे लागतात.

चालत निघून जावं म्हणून वळणापर्यंत गेलो. मागे टपावर दोनदा, आणि चाकाखाली खडी चुरचुरली. इंजिनाचा आवाज नाही. नुसती चाकं, चढावर, माझ्यामागे.

परत येऊन आत बसलो. थांबली. मी तिच्यात बसलो तरच ती थांबते.

म्हणून बसलो आहे. चारही दारं आतून लावली. मागचं डावं दोरीने पुढच्या सीटला बांधलं, गाठ दुहेरी. उतरणार नाही. इथेच बसून राहीन. महिना, दोन महिने, तिची सुटका होईपर्यंत. मग बघू. कुणीतरी तिला सांगितलं पाहिजे की —

मागे पोळीचा वास. पद्मा हळू आवाजात काहीतरी सांगतेय. आरसा मी उलटा केला आहे.

टॅक्सी.

मुलुंडच्या बाजूने. थांबतेय.

नको. नको ग.

उत्तराच आहे. एकटी. एक हात पोटावर, एक कमरेवर, तिची आई चालायची तशी. कुणीतरी सांगितलं असेल, काळी गाडी पवईला उभी आहे. काच खाली होत नाही. मी हाताने खूण करतोय, मागे जा, मागे, मागे —

मान हलवली तिने. मागे येते म्हणाली. मागच्या दाराकडे —

ओरडतोय. तिला ऐकू जात नाही.

काचेला हात लावून वाकून बघतेय. माझ्याकडे नाही. रडत होती, आता हसतेय. आवाज स्पष्ट येतो. माझा जात नाही, तिचा येतो. ‘अगंबाई, सगळे इथेच? आणि मला म्हणे —’

दोरी सैल पडली. गाठ मी बांधली होती. माझी गाठ कधी —

‘थोरले काका, सरका ना जरा. मला आता नीट बसता येत नाही.’

पाटे वाजले. एक बोटही राहिलं नाही. दार लागलं.

हात मागे लांबवला. तिचा हात ऊबदार आहे. अजून आहे. उत्तरा, उतर, बाळ, उतर —

टपावर एकदा.

एकच. एक म्हणजे थांबा. दादा, तूच सांगितलंस, एक म्हणजे थांबा, एकच राहू दे, एक म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे —